भुताची दुसरी भेट

छत्रपती संभाजीनगरातील बीबी का मकबरा पाहावयास आलेला पाहुणा पहिले वाक्य बोलतो ते बहुधा ताजमहालाविषयी. 1657 साली निवर्तलेल्या दिलरस बानू बेगमेच्या या समाधीचा शिल्पकार अताउल्ला हा ताजच्या शिल्पकाराचाच पुत्र. पुत्राने पित्याची घडण गिरविली आणि तुलनेत तो कायमचा उणा ठरला. गाजलेल्या कृतीमागून येणाऱ्या कृतीचे दैव बहुधा असेच असते.

बोलपटांच्या इतिहासात मात्र या नियमाला एक ठळक अपवाद आहे, आणि तोही भयपटांच्या मुलखातला. 1931 साली जेम्स व्हेल याने मेरी शेलीच्या कादंबरीवरून 'फ्रँकेनस्टाइन' काढला. प्रेतांचे अवयव सांधून घडविलेला, बोरिस कार्लॉफने उभा केलेला तो मुका राक्षस पाहून प्रेक्षकांची गाळण उडाली. 1935 साली त्याच व्हेलने 'ब्राइड ऑफ फ्रँकेनस्टाइन' हा पुढचा भाग केला. तो पहिल्याहून सरस मानणारे रसिक आजही पुष्कळ आहेत. याचे कारण काय? एकदा ओळख झालेले भूत दुसऱ्यांदा त्याच रीतीने भिववू शकत नाही, हे व्हेलने ओळखले. म्हणून त्याने भयात विनोद कालविला. बरण्यांत इवली माणसे बाळगणारा विक्षिप्त प्रीटोरियस त्याने आणला. एका आंधळ्या संन्याशाकडून राक्षसाला बोलावयास शिकविले. राक्षसाने बोलू नये असे खुद्द कार्लॉफचे मत होते. परंतु तो बोलला, आणि हसता हसता प्रेक्षकांना त्याची कीव आली.

आपल्याकडे महेश कोठारे यांनी 1993 साली हेच मर्म साधले. अमेरिकेतील 'चाइल्ड्स प्ले' या 1988 च्या भयपटात खुन्याचा आत्मा बाहुलीत शिरतो. 'झपाटलेला'मध्ये तीच कल्पना मराठी बोलक्या बाहुल्याच्या खेळात आली. रामदास पाध्ये यांचा बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची भाबडी तारांबळ यांमुळे उसनी भीती घरची झाली. 2013 साली 'झपाटलेला 2' त्रिमितीत आला. साधने वाढली होती. पण 2004 साली निवर्तलेले बेर्डे नव्हते आणि तात्या विंचू परिचयाचा झाला होता. भूत जुने राहिले, आणि लोकांच्या मनात पहिलाच चित्रपट ठाण मांडून बसला.

तात्पर्य, वारसा मोठा करावयाचा तर पूर्वजाची उंची गाठण्याची धडपड सोडून त्याने न बोललेले बोलावे लागते. मकबऱ्यावरील नाजूक गिलावाकामही ताजचे ऋणी नाही. ते पाहावयाचे तर पाहुण्याने क्षणभर आग्रा विसरावयास हवा.