पडदानशीन स्टुडिओ आणि बाग-ए-आम

काही वर्षांपूर्वी मुदखेडहून आम्ही काही जणी हैदराबादच्या सहलीस गेलो होतो. चारमिनार आणि बांगड्यांचा बाजार तर सर्वच पाहतात. आम्ही मात्र एक संपूर्ण दिवस नामपल्लीजवळच्या पब्लिक गार्डनसाठी राखून ठेवला होता. जुनी माणसे या बागेला ‘बाग-ए-आम’ म्हणत. नियम एकच होता : प्रत्येकीने पाचच फोटो घ्यावयाचे आणि परत आल्यावर हळदीकुंकवाला ते सर्वांना दाखवावयाचे.

ही बाग निजामाच्या काळातली. 1913 साली पुरा झालेला पांढराशुभ्र टाऊन हॉल याच आवारात आहे; पुढे तेथे विधानसभा भरू लागली. राज्याचे पुराणवस्तू-संग्रहालयही याच बागेत 1930 च्या सुमारास सुरू झाले. आपल्याकडे फुलांची शेती होते, तेव्हा बागेचे आम्हांस काय कौतुक, असे वाटले होते. पण विकण्यासाठी तोडलेले फूल आणि नुसते पाहण्यासाठी ठेवलेले फूल यांत फरक असतो, हे तेथे कळले. एकीने तर पाचांपैकी तीन फोटो फुलझाडांवरच खर्च केले!

संग्रहालयात मिसर देशाची ममी पाहून मुले थबकली. आम्ही थबकलो त्या अजिंठ्याच्या चित्रांच्या नकलांपुढे. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. 1914 साली हैदराबाद संस्थानात पुराणवस्तू खाते स्थापन झाले व गुलाम याझदानी यांनी त्याची धुरा वाहिली. सय्यद अहमद आणि जलालुद्दीन या चित्रकारांनी लेण्यांत बसून भिंतीवरची चित्रे उतरून घेतली. आपल्याच मराठवाड्याचा ठेवा पाहावयास आम्हांस हैदराबादेस जावे लागले, याची गंमतही वाटली आणि थोडी लाजही.

तेथे एक गोष्ट मनात ठसली. प्रत्येक वस्तूखाली एक चिठ्ठी होती : काय आहे, कोठले आहे, केव्हाचे आहे. चिठ्ठी नसती तर ती वस्तू म्हणजे नुसता दगड किंवा मडके!

याच शहरात छायाचित्रणाचा मोठा इतिहास घडला आहे. मीरतजवळच्या सरधना येथे 1844 साली जन्मलेले लाला दीनदयाळ रुरकीस शिकले, इंदुरास नोकरीस होते आणि पुढे सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले. ‘राजा’ हा किताबही त्यांना निजामानेच दिला. 1892 साली त्यांनी हैदराबादेत खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ उघडला. परपुरुषाची नजर पडू नये म्हणून भोवती उंच भिंती, आणि फोटो घेणारीही बाईच. केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाई तो स्टुडिओ चालवीत. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या निजामी राज्यात एक स्त्री कॅमेऱ्यामागे उभी होती!

पण तेथे कोण जात असे? नबाबांच्या आणि श्रीमंतांच्या घरच्या स्त्रिया. आमच्या शेतात राबणाऱ्या, जात्यावर दळणाऱ्या आज्यांना पडदाही नव्हता आणि फोटोही नव्हता. माझ्या आजेसासूबाईंचा एकही फोटो आमच्या घरी नाही. फोटो काढला की आयुष्य कमी होते, असे त्या म्हणत. रझाकारांच्या धामधुमीत त्यांनी घर कसे सांभाळले, हे सासूबाई सांगत असत. पण ते धैर्य कोणत्या चेहऱ्याचे होते, हे माझ्या मुलांना मी दाखवू शकत नाही.

सासूबाईंच्या पेटीत मात्र एक पिवळा पडलेला फोटो सापडला. नऊवारीतल्या चार बायका ओळीने बसलेल्या. त्यांतल्या डावीकडच्या सासूबाई. बाकीच्या तिघी कोण, हे सांगणारे आता कोणी उरले नाही. सासूबाई होत्या तोवर विचारावयाचे राहून गेले. चेहरा आहे, पण चिठ्ठी नाही!

सहलीच्या दिवशी संध्याकाळी बागेतल्या एका जुन्या झाडाखाली आमच्यातल्या सर्वांत वडील काकू बसल्या होत्या. फोटोसाठी त्या नेहमी ‘नको ग बाई’ म्हणत. त्या दिवशी त्यांच्या सुनेने आपला पाचवा फोटो त्यांच्यासाठी राखून ठेवला होता. काकूंनी पदर सावरला आणि हसल्या. आज काकू नाहीत. त्यांच्या घरी तोच फोटो भिंतीवर आहे, आणि मागे सुनेने नाव, गाव व साल लिहिले आहे.

आता प्रत्येकीच्या हातात मोबाइल आहे आणि फोटो शेकड्यांनी निघतात. म्हणूनच एक विनंती करते. येत्या हळदीकुंकवाला प्रत्येकीने घरातला एक जुना फोटो आणावा आणि वडीलधाऱ्यांना विचारून, मऊ पेन्सिलीने, त्यामागे नावे लिहावीत. राजेरजवाड्यांची आठवण संग्रहालये ठेवतील. आपल्या आज्यांची आठवण आपणच ठेवावयास हवी.