कमांड टॅग (पोस्टग्रेएसक्यूएल)

एसक्यूएल आज्ञा पार पडल्यावर पोस्टग्रेएसक्यूएलचा सर्व्हर क्लायंटकडे जी छोटी पावती धाडतो, तिला कमांड टॅग म्हणतात. क्वेरीचा मजकूर हाताशी नसताना कोणत्या प्रकारची आज्ञा चालली, हे मुख्यतः या टॅगवरून ओळखतात. ‘अपडेट ३’ म्हणजे ३ ओळींवर आज्ञा चालली. ‘क्रिएट टेबल’ला आकडा नसतो. ‘इन्सर्ट ० ५’मधले शून्य नवख्याला हमखास चकवते. एकच ओळ घातली आणि टेबलातील ओळींना ओआयडी (अंतर्गत ओळख क्रमांक) असला, तर त्या जागी पूर्वी तो क्रमांक येई. २०१९च्या १२व्या आवृत्तीत अशी टेबले बंद झाली; जुने क्लायंट मोडू नयेत म्हणून शून्य मात्र राहिले.

सी भाषेतील लिबपीक्यू लायब्ररीत ‘पीक्यूसीएमडीस्टेटस’ हे फंक्शन टॅग देते. ‘पीक्यूसीएमडीटपल्स’ त्यातला आकडा देते, पण अक्षरांच्या रूपात. आकडा नसेल तर रिकामी स्ट्रिंग हाती येते. ‘पीक्यूरिझल्टस्टेटस’चे काम निराळे: ते स्टेटस देते, आणि आज्ञा यशस्वी झाली असेल तर निकालात ओळी येऊ शकतात की नाही, एवढेच त्यावरून कळते. म्हणून एकही ओळ न सापडलेल्या सिलेक्टलाही ‘टपल्स ओके’च मिळते, आणि ‘रिटर्निंग’ जोडलेल्या इन्सर्टलाही. ‘टपल्स ओके’ म्हणजे सिलेक्ट, हे समीकरण इथेच फसते.

टॅगवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. ‘क्रिएट टेबल अॅज’ने ४० ओळींचे नवे टेबल बनवले तरी टॅग येतो ‘सिलेक्ट ४०’; स्टेटस मात्र ‘कमांड ओके’ असते, आणि दोन्ही जोडीने पाहिले तरच उलगडा होतो. ९.१ आवृत्तीपासून ‘विथ’च्या पोटात डिलीट लिहिता येते. बाहेर सिलेक्ट असेल तर टॅगही सिलेक्टचाच, पुसलेल्या ओळींची त्यात दाद ना फिर्याद.

आज्ञा अनेक असतील तर टॅगही हरवतात: लिबपीक्यूच्या ‘पीक्यूएक्झेक’ या आज्ञा चालवणाऱ्या फंक्शनला अर्धविरामांनी जोडलेल्या अनेक आज्ञा दिल्यास फक्त शेवटचा निकाल परत मिळतो.

सर्वांत बोलका प्रसंग कॉमिटचा. ट्रान्झॅक्शनमध्ये आधीची एखादी आज्ञा फसलेली असताना कॉमिट पाठवले, तर सर्व्हर त्या वेळी नवी चूक दाखवत नाही. स्टेटसही ‘कमांड ओके’च असते. टॅग मात्र ‘रोलबॅक’ असा येतो. मागितले एक, घडले दुसरे, आणि टॅग घडलेले सांगतो. पोस्टग्रेएसक्यूएलच्या पीएसक्यूएल या टर्मिनल क्लायंटमध्ये हा शब्द पडद्यावर उमटतो, म्हणून निदान डोळ्यांना दिसतो. नुसते स्टेटस तपासणारा प्रोग्रॅम मात्र ‘माहिती जतन झाली’ असे सांगून मोकळा होतो.