बाईंचा एक प्रश्न

आज आम्ही सांगणार आहोत अमेरिकेतल्या एका शाळेची गोष्ट. व्हर्जिनिया राज्यातल्या फार्मव्हिल गावात काळ्या मुलांसाठी वेगळी शाळा होती, मोटन हायस्कूल. इमारत 180 मुलांपुरती, पण 1951 साली मुलं साडेचारशेच्या आसपास. जागा पुरेना म्हणून डांबरी कागद लावलेल्या शेड उभ्या केल्या. विज्ञानाला प्रयोगशाळा नाही. सभागृहात एकाच वेळी वेगवेगळ्या विषयांचे तास चालायचे.

बार्बरा जॉन्स ही सोळा वर्षांची मुलगी संगीताच्या बाई इनेझ डेव्हनपोर्ट यांच्याकडे गाऱ्हाणं घेऊन गेली. बाईंनी उलट विचारलं, मग तूच काहीतरी का करत नाहीस?

23 एप्रिल 1951 रोजी तिने सगळ्या मुलांना जमवलं आणि संप पुकारला. त्यातून कोर्टात दावा गेला. 1954 साली सर्वोच्च न्यायालयाने, अशाच आणखी दाव्यांसोबत, सरकारी शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला.

किंमतही मोजावी लागली. हेडमास्तरांची नोकरी गेली. 1959 पासून पाच वर्षं तिथल्या सरकारी शाळाच बंद ठेवल्या गेल्या.

म्हणून गटात कुणी गाऱ्हाणं आणलं, की आम्ही बाईंचा प्रश्न विचारतो. आणि विचारून थांबत नाही, तिच्यासोबत उभ्या राहतो.