उंबरठा आणि पोशाख

पुण्याहून पश्चिमेस पौडावरून ताम्हिणी घाटाच्या वाटेला लागले म्हणजे मुळशीचा विस्तीर्ण जलाशय दृष्टीस पडतो. या तालुक्यात अलीकडे अनेक रिसॉर्टे, क्रीडासंस्था व क्लब निघाले आहेत. अशा ठिकाणी पोशाखाविषयीचे नियम दारापाशीच लिहिलेले आढळतात: भोजनगृहात चपला चालणार नाहीत, सदऱ्यास कॉलर हवी, पोहण्याच्या तलावात अमुकच वस्त्र हवे. त्यावरून सुशिक्षित मंडळींत दोन तट पडतात. एक पक्ष म्हणतो, शिस्त म्हणून काही असावयासच हवी. दुसरा म्हणतो, साहेब गेला, आता त्याची ही उष्टी कशास जपावयाची? दोन्ही पक्षांचा आवेश आम्हांस सारखाच उतावीळ वाटतो. नियम जुना आहे की नवा, देशी आहे की विलायती, एवढ्यावरून त्याची किंमत ठरत नाही. तो कोणाकडून काय मागतो आणि कोणास बाहेर ठेवतो, हे पाहावे लागते. आणि त्यासाठी गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास थोडा चाळणे अगत्याचे आहे.

प्रथम याच खोऱ्यातील एक साधा रिवाज घेऊ. मावळातील शेतकऱ्याच्या घरी पाहुणा आला म्हणजे तो पायतण उंबरठ्याबाहेर काढतो, हातपाय धुतो आणि मग अंथरलेल्या घोंगडीवर बसतो. त्याच्यापुढे गूळपाणी येते. हाही पोशाखाचाच नियम होय. परंतु त्यात तीन गुण आहेत. तो यजमानासही लागू आहे, कारण घरधनी स्वतः अनवाणीच असतो. तो पाळावयास पैका लागत नाही. आणि त्यास कारण आहे: ज्या भुईवर बसावयाचे व जेवावयाचे, ती स्वच्छ राहावी. शिष्टाचाराची याहून चांगली व्याख्या आम्हांस ठाऊक नाही. पाहुणा घराचा मान राखतो आणि घर पाहुण्याचा मान राखते.

आता हाच जोडे काढण्याचा रिवाज सत्तेच्या हाती गेल्यावर त्याचे काय झाले ते पाहा. कंपनीच्या व पुढे राणीच्या राज्यात इंग्रज अंमलदार स्वतः बूट घालून खुर्चीवर बसत आणि एतद्देशीय मनुष्याने मात्र जोडे काढून त्यांच्यासमोर यावे, असा आग्रह धरीत. हा तुमचाच पूर्वापार रिवाज आहे, आम्ही तो पाळतो इतकेच, असे त्यांचे म्हणणे असे. 1854 साली हिंदुस्थान सरकारने विलायती बूटमोजे घालणाऱ्यांस ते न काढता सरकारी प्रसंगी येण्याची मोकळीक दिली खरी. पण न्यायकचेऱ्यांत तंटा चालूच राहिला. 1862 साली सुरतेच्या न्यायालयात माणेकजी कावसजी एंटी नावाच्या पारशी गृहस्थास जोड्यांवरून अडविण्यात आले, तेव्हा त्यांनी हे प्रकरण मुंबई सरकारपर्यंत नेले. या साऱ्या वादातून जी सवलत मिळाली, ती विलायती घाटाच्या जोड्यापुरती होती. देशी जोडा घालणाऱ्यास तो काढावाच लागे. चामडे तेच, चिखल तोच, फरक केवळ घाटाचा! रिवाज जुना असूनही त्याचा आत्मा नाहीसा झाला होता, कारण त्याने यजमानास बांधण्याचे सोडून दिले होते.

या दुटप्पीपणास पुण्यात जे उत्तर मिळाले, ते महाराष्ट्राने विसरू नये. 2 मार्च 1888 रोजी हरि रावजी चिपळूणकर यांनी राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. निमंत्रितांत जोतीराव फुले होते. इतर मंडळी जरीकाठाच्या पागोट्यांत व दागदागिन्यांत सजून आली असता जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात गेले. दारावर त्यांस अडविण्यात आले व यजमानांच्या मध्यस्थीने आत घेण्यात आले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे भाषणास उभे राहून त्यांनी राजपुत्रास सांगितले की, या दिवाणखान्यातील श्रीमंती पाहून देशाची परीक्षा करू नये, खरी प्रजा खेड्यापाड्यांत अर्धपोटी राहते व तिला शिक्षणाची गरज आहे. दुसऱ्या वेषात हेच शब्द बोलले गेले असते तर त्यांस निम्मेही वजन आले नसते. जोतीरावांनी मेजवानीचा अपमान केला असे आम्ही मानीत नाही. ज्यांच्या कष्टावर ती मेजवानी उभी होती, त्यांस त्यांनी आपल्या अंगावर वागवून आत नेले.

येथवर दोष परक्यांच्या पदरात टाकणे सोपे जाते. परंतु आपल्या घराकडे पाहिले म्हणजे मान खाली घालावी लागते. पाळवणकर बाळू हे चर्मकार समाजातील क्रिकेटपटू पुण्याच्या युरोपियन क्लबात मैदानाची निगा राखीत आणि साहेबांस सरावासाठी गोलंदाजी करीत. त्यांचे कसब पाहून पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांस संघात घेतले. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सर्वांस चालत होता. चहाची वेळ झाली म्हणजे मात्र त्यांस पॅव्हिलियनबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. याच बाळूंनी 1911 सालच्या विलायतेच्या दौऱ्यात शंभराहून अधिक गडी बाद केले. त्या क्लबाचे सभासद सभ्य व सुशिक्षित होते. आपण उद्धटपणा करीत आहो असे त्यांतील फार थोड्यांस वाटले असेल. कारण ते ज्यास शिष्टाचार समजत होते, तोच मुळी माणसास बाहेर ठेवण्यासाठी रचलेला होता.

वेषाचेही तेच. कोणत्या जातीच्या स्त्रीने लुगडे कसे नेसावे, कोणत्या धातूचा दागिना घालावा, याचे अलिखित निर्बंध गावोगाव होते. 1927 च्या डिसेंबरात महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्त्रियांस उद्देशून जे भाषण केले, त्यात अस्पृश्यतेची खूण म्हणून ओळखले जाणारे नेसणे व दागिने टाकून द्यावेत, असा स्पष्ट उपदेश होता. ते स्वतः विलायती सूट वापरीत. त्याच काळात महात्मा गांधींनी 1921 साली मदुरेस आखूड पंचाचा स्वीकार केला आणि 1931 साली त्याच वेषात ते बकिंगहॅम राजवाड्यात गेले. एकाने सूट चढविला, दुसऱ्याने उतरविला. उथळ दृष्टीस यात विरोध दिसेल. परंतु माझी पायरी दुसऱ्याने माझ्या कपड्यावरून ठरवू नये, हा दोहोंचा हेतू एकच होता. म्हणून कोट विलायती व धोतर देशी एवढ्यावर ज्यांचा निकाल लागतो, त्यांस आम्ही नम्रपणे थांबण्यास सांगू.

मुळशीचा या प्रकरणाशी संबंध केवळ आजच्या रिसॉर्टांपुरता नाही. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, येथील मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभिला. विनायकराव भुस्कुटे व पांडुरंग महादेव बापट हे त्यांचे पुढारी. बापटांस सेनापती ही पदवी याच लढ्याने दिली. हे बापट एडिंबरोस शिकून आलेले, तेव्हा साहेबी रीतिरिवाज त्यांस अपरिचित नव्हते. परंतु ते येऊन बसले ते घोंगडीवाल्या मंडळींत. लढा 1924 च्या सुमारास मोडला, भातखाचरे व गावे पाण्याखाली गेली आणि त्या पाण्यावर भिरा येथे निर्माण होणारी वीज मुंबईच्या उपयोगी पडू लागली. ज्यांच्या जमिनीवर ती वीज उभी राहिली, त्यांस त्या शहरातील क्लबांच्या पायरीवरही कोणी उभे केले नसते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस गव्हर्नर विलिंग्डन यांच्या पुढाकाराने हिंदी व युरोपियन अशा दोघांसाठी निघालेला विलिंग्डन क्लब हा त्या काळी उदारपणाचा नमुना गणला गेला, आणि तो होताही. परंतु याच क्लबाने 1988 साली चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांस ते अनवाणी होते म्हणून प्रवेश नाकारला. वर्णाचा दरवाजा उघडला, पण पायताणाचा तसाच राहिला.

तर मग असे सर्व नियम मोडून काढावेत काय? तमिळनाडूने तो मार्ग पत्करला. 2014 च्या जुलैत मद्रास उच्च न्यायालयाचे एक न्यायमूर्ती वेष्टी नेसून गेले म्हणून चेन्नईच्या एका क्रिकेट क्लबात त्यांस प्रवेश मिळाला नाही. त्यावरून गदारोळ होऊन त्याच वर्षी कायदा झाला आणि वेष्टीस मज्जाव करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद व 25,000 रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा ठरली. कायदा योग्यच होता. परंतु त्याने वेष्टी आत नेली. वेष्टी नेसणारा सामान्य मनुष्य सभासद कसा होणार, हा प्रश्न जेथल्या तेथे राहिला.

उलट पक्षी, नियमाचा चांगला उपयोगही आम्ही वर्गात व मैदानात पाहिला आहे. शाळेचा गणवेष श्रीमंताच्या व गरिबाच्या मुलास निदान पाच तास एका रंगात आणतो. सुतकाच्या घरी आपण भरजरी वस्त्रे नेसून जात नाही, ते कोणी दारावर पाटी लावली म्हणून नव्हे. पोहण्याच्या तलावात विशिष्ट वस्त्र मागणे हे पाण्याच्या स्वच्छतेसाठी असेल तर ते उंबरठ्यावर पाय धुण्यासारखेच आहे. अशा नियमांवर शस्त्र उगारणे हा निव्वळ हूडपणा होय.

शिवाय नियम गेला म्हणजे भेद जातो, हाही भ्रमच आहे. याच मुळशी तालुक्यात हिंजवडी आहे. तेथील संगणक-कचेऱ्यांत कोट व टाय बहुतांशी अस्तास गेले आहेत. वरिष्ठ अधिकारीही बिनकॉलरच्या सदऱ्यात वावरतात. कडक पोशाख राहिला आहे तो दारावरच्या रखवालदारास. भर उन्हात टोपी, पट्टा व बंद बूट त्यासच घालावे लागतात. रिसॉर्टांत व लग्नाच्या मांडवांत तर याहून नवल दिसते. पाहुणे अर्ध्या चड्डीत फिरत असतात आणि त्यांच्यापुढे तबक धरणाऱ्या नोकराच्या डोक्यास भरजरी फेटा बांधलेला असतो. जो फेटा मावळ्याच्या शिरावर मानाचा म्हणून होता, तो आज वाढप्याची खूण झाला आहे, आणि पोशाखाच्या नियमांवर वाद घालणाऱ्यांपैकी क्वचितच कोणाचे तिकडे लक्ष जाते. कित्येकदा तो फेटा बांधणारा तरुण आसपासच्या खेड्यातलाच असतो.

टोपी बदलून हा प्रश्न सुटत नाही, याचा अनुभव पुण्यास 2019 च्या जानेवारीत आला. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने पदवीदान समारंभातील विलायती झगा काढून कुडता व पुणेरी पगडी आणली. हेतू स्वदेशी होता. परंतु काही विद्यार्थ्यांनी फुले पगडी घालून निषेध केला. विद्यापीठ ज्या गणेशखिंडीच्या वास्तूत भरते, तेथे पूर्वी मुंबईचे गव्हर्नर राहत. तेव्हा झगा टाकावासा वाटणे स्वाभाविक आहे. पण झगा परक्याचा होता म्हणूनच तो सर्वांस सारखा परका होता. देशी पगडी येताच, देशातील कोणाची, हा प्रश्न उभा राहिला. जो वेष आपण सर्वांचा म्हणून पुढे करतो, तो सर्वांस आपला वाटतो काय, हे आधी विचारावयास हवे होते.

तात्पर्य, आमच्या मते कोणत्याही पोशाखी नियमास तीन प्रश्न विचारावेत. हा नियम यजमानास व मालकासही लागू आहे काय? साधारण ऐपतीच्या मनुष्यास तो पाळता येईल काय? आणि त्यास चालू कामाशी संबंधित असे कारण आहे काय? मावळातील उंबरठा तिन्ही परीक्षांत उतरतो. साहेबाची कचेरी व बाळूंचा चहा पहिलीतच नापास होतात. जानेवारी 2025 मध्ये मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिराने भाविकांसाठी पोशाखाचा नियम केला. अशा देवस्थानांनीही हीच कसोटी स्वतःस लावून पाहावी, म्हणजे वादाचा निम्मा धुरळा बसेल.

आणि मुळशीच्या जलाशयाकाठच्या व्यवस्थापक मंडळींस आमची एक सूचना आहे. आपल्या नियमांची पाटी पुढच्या वेळी रंगवावयास काढाल, तेव्हा दारावर फेटा बांधून उभ्या असलेल्या त्या तरुणास ती एकदा मोठ्याने वाचावयास सांगावी, आणि त्याची आजी नऊवारी लुगड्यात, साध्या वहाणा घालून नातवास भेटावयास आली तर तिला कोठवर येता येईल, हे त्याला विचारावे. त्याच्या उत्तरात पाटीवरील कोणते नियम ठेवावयाचे व कोणते पुसावयाचे, याचा उलगडा होईल.