मृगया : राजाचा छंद, प्रजेस दंड

मृगया हा राजांचा छंद खरा. परंतु त्याचे मोल प्रजेने मोजले. इंग्लंडात विजेत्या विल्यमने १०७९ च्या सुमारास ‘न्यू फॉरेस्ट’ हे अरण्य स्वतःसाठी राखून ठेविले. हरिण मारणाऱ्याचे डोळे काढावेत असा त्याचा दंडक असल्याचे तत्कालीन बखर सांगते. पुढे १२१७ च्या वनसनदेने हरणापायी कोणाचा प्राण वा अवयव घेऊ नये, असे ठरविले. फ्रान्सात सरदारांचे ससे व कबुतरे शेतकऱ्याचे पीक फस्त करीत; त्यांस मारण्याची त्यास मनाई होती. १७८९ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रसभेने तो विशेषाधिकार मोडला. आपल्या देशात १९७२ च्या कायद्याने वन्य पशूंस अभय दिले, ते राजासाठी नव्हे, पशूंसाठीच. तथापि, वाचकहो, रानडुकरांनी उभे पीक उद्ध्वस्त केलेल्या शेतकऱ्याचा प्रश्न आजही तोच आहे.