अठ्ठेचाळीस तासांचे खेळ

जॅम हा शब्द गोंयकाराला नवा नाही. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणाऱ्या चिक चॉकलेटसारख्या गोव्याच्या वादकांमुळे तो आपल्याकडे जुन्या काळीच पोचला होता. ठरलेली नोटेशन्स बाजूला ठेवायची आणि सुचेल तसं एकमेकांच्या साथीनं वाजवत जायचं, ही जॅम सेशनची रीत. कॉम्प्युटरवर खेळ बनवणाऱ्यांनी हा शब्द उचलला तो वादकांकडूनच. दोन-चार दिवस ठरवायचे, एक विषय किंवा एक अट घ्यायची आणि तेवढ्या वेळात अख्खा खेळ उभा करायचा, म्हणजे गेम जॅम.

याची सुरुवात मार्च 2002 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंड इथं झाली असं धरतात. ख्रिस हेकर आणि शॉन बॅरेट यांनी एक प्रोग्राम आधीच लिहून ठेवला होता. पडद्यावर एकाच वेळी एक लाख माणसं हलवता येतील, असा. मग चौदाजणांना बोलावलं आणि चार दिवस दिले: या गर्दीचं काय करायचं ते करा! हे सगळे पोटापाण्यासाठी खेळच बनवणारे. पण धंद्यात एकेका खेळाला दोन-तीन वर्षं लागायची आणि इतका पैसा अडकायचा, की नवं काही करून बघायची छाती होत नसे. चार दिवसांत मात्र काही बिघडलं तर चारच दिवस वाया जाणार. इंडी गेम जॅम हे त्या मेळाव्याचं नाव.

पण ती निमंत्रितांची बैठक होती. दार सर्वांना उघडलं ते पुढच्याच महिन्यात. एप्रिल 2002 मध्ये जेफ हाउलंड यानं लुडुम डेअर सुरू केलं. लॅटिनमध्ये याचा अर्थ साधारण 'खेळ देणे'. विषय 'अप्रत्यक्ष संवाद', मुदत 24 तास, भाग घेणारे अठराजण, आणि सगळे आपापल्या घरी बसलेले. पुढे मुदत 48 तासांची झाली आणि नियम पक्के झाले: एकट्यानं करायचं, चित्रं, आवाज, प्रोग्राम सगळं त्याच दोन दिवसांत करायचं, आणि शेवटी मूळ कोडही सर्वांसाठी खुला ठेवायचा. बक्षीस नाही. परीक्षकही नाहीत. भाग घेतलेल्यांनीच एकमेकांचे खेळ खेळून गुण द्यायचे.

मला यात आपली जत्रेतली नाटकं दिसतात. गावातलाच दुकानदार, गावातलाच मास्तर, तालमीला रात्री आणि प्रयोग एकदाच. पुण्या-मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीच्या मापानं ते मोजायचं नसतं. 'हौशी' हा शब्द आपण हल्ली 'कच्चा' या अर्थानं वापरतो, पण त्याच्यात मुळात हौस आहे. असो.

जॅमचा पसारा पुढे वाढत गेला. 2006 मध्ये कोपनहेगनला नॉर्डिक गेम जॅम सुरू झाला. त्यावरूनच जगभर एकाच शनिवार-रविवारी करायची कल्पना निघाली. जानेवारी 2009 च्या अखेरीस पहिला ग्लोबल गेम जॅम झाला तेव्हा 23 देशांत 53 ठिकाणी मिळून सुमारे 1650 माणसं बसली आणि 370 खेळ झाले. गंमत विषयाची असायची. न्यूझीलंडवाल्यांना तो आधी कळायचा, हवाईवाल्यांना सर्वांत शेवटी. तोवर बाकीच्यांनी तोंड मिटून बसायचं. 2013 चा विषय तर शब्दही नव्हता, नुसता हृदयाच्या ठोक्यांचा आवाज. त्यातून सर्जन सिम्युलेटर हा अडाणी हातांनी शस्त्रक्रिया करायचा विनोदी खेळ निघाला, आणि नंतर तो भरपूर विकला गेला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मीही लुडुम डेअरला बसलो. विषय 'दहा सेकंद'. तिकडच्या शुक्रवारी संध्याकाळी घड्याळ सुरू व्हायचं, म्हणजे आपल्याकडे शनिवारची सकाळ, आणि संपायचं सोमवारी सकाळी. ऑफिसला जायच्या आधी! मी केली बेतीची फेरीबोट. पुढची लोखंडी फळी वर जायला दहा सेकंद, तेवढ्यात स्कूटरी, सायकली आणि मासळीची पाटी घेतलेली बाई यांना आत बसवायचं. शनिवारी दुपारी पाऊस आला आणि वीज गेली ती रात्री आली. त्यामुळे ठरवलेल्या पाच फेऱ्यांपैकी दोनच झाल्या. भोंग्याचा आवाज तोंडानंच काढून रेकॉर्ड केला. एकानं प्रामाणिकपणे विचारलं, की या मोटरसायकली बोटीवर कशासाठी चढताहेत? पण तिघा-चौघांनी लिहिलं, की घाई छान जमली आहे. कधीही न भेटलेल्या माणसांनी माझी फेरी खेळली होती, याचंच मला अप्रूप.

जॅमची गोष्ट सांगताना लोक यशाच्याच कथा सांगतात, आणि त्या खोट्याही नाहीत. फिनलंडच्या अर्वी तेइकारीनं 2017 च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये 'बाबा इज यू' केला. त्यात खेळाचे नियमच पडद्यावर शब्दांच्या ठोकळ्यांनी लिहिलेले असतात. ठोकळा ढकलला की नियम बदलतो आणि भिंत भिंत राहत नाही. 2019 मध्ये त्याचा पूर्ण खेळ आला. पण मला जास्त आवडते ती उलटी गोष्ट. माइनक्राफ्टनं जग जिंकल्यावर, डिसेंबर 2011 मध्ये, त्याचा कर्ता मार्कुस पेर्सन पुन्हा लुडुम डेअरला बसला आणि 48 तासांत 'मिनीक्राफ्ट' नावाचा चिमुकला खेळ करून ठेवून गेला. त्याला कशाचीच गरज नव्हती.

बाकीच्या हजारो खेळांचं काय झालं? लुडुम डेअरवर त्या काळी खेळ साठवत नसत, फक्त दुवा द्यायचा. पुष्कळांनी खेळ ड्रॉपबॉक्सच्या पब्लिक फोल्डरात ठेवले होते. 2017 मध्ये ती सोय बंद झाली आणि दुवे एका वर्षात मुके झाले. जावाचे खेळ ब्राउझरांनी त्याआधीच बाहेर काढले होते. 2020 च्या अखेरीस ॲडोबीनं फ्लॅश बंद केलं. आता रफल नावाचा प्रोग्राम जुने फ्लॅश खेळ चालवून दाखवतो, इंटरनेट आर्काइव्हनंही तो वापरून बरेच खेळ वाचवले. पण फाइलच हरवली असेल तर रफल काय चालवणार? जिंकलेले खेळ कुणी ना कुणी जपून ठेवतो. दोनशेव्या क्रमांकाचा खेळ जपायला त्याचा कर्ताच हवा, आणि तो तर केव्हाच संसाराला लागलेला असतो.

अशा वेळी तो मूळ कोड द्यायचा नियम उपयोगी पडतो. तो केला होता लबाडी पकडायला आणि शिकायला. पण ज्यानं कुणी तेव्हा कुतूहलानं एखादा कोड उतरवून घेतला, त्याच्याकडे तो खेळ अजून असू शकतो.

माझ्या फेरीबोटीचाही दुवा मेलाय. चालणारी फाइल कुठंच सापडली नाही. जुन्या हार्ड डिस्कवर कोड मात्र मिळाला, चित्रांसकट, आणि भोंग्याचीही फाइल. ती वाजवली. तोंडचा भोंगा संपता संपता मागे कुकरची शिट्टी होते. तेव्हा ती कापून टाकायला वेळ उरला नव्हता.