स्वयंचलित अवकलन आणि प्रवाहांचा संगणकीय अभ्यास : एक ऐतिहासिक आढावा

विमानाच्या पंखाभोवतीचा हवेचा प्रवाह किंवा महासागरातील पाण्याचे अभिसरण यांचे संगणकीय सदृशीकरण करताना केवळ उत्तर मिळणे पुरेसे नसते. पंखाचा आकार, पृष्ठभागाचे तापमान अशा प्रचलांपैकी एखादा किंचित बदलला असता उत्तर किती बदलते, हेही जाणून घ्यावे लागते. या प्रमाणास संवेदनशीलता म्हणतात. ती काढण्याच्या पद्धतींचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

सर्वांत सरळ मार्ग म्हणजे प्रचल थोडा बदलून सर्व आकडेमोड पुन्हा करणे. मात्र बदल मोठा घेतल्यास उत्तर ढोबळ ठरते. अतिसूक्ष्म घेतल्यास जवळजवळ समान संख्यांच्या वजाबाकीत अचूक अंक नष्ट होतात. शिवाय हजार प्रचलांसाठी हजार वेळा आकडेमोड करावी लागते.

१९६४ मध्ये आर. ई. वेंगर्ट यांनी वेगळी दिशा दाखविली. कोणतीही आज्ञावली ही अखेर बेरीज, गुणाकार अशा साध्या क्रियांची मालिका असते. प्रत्येक क्रियेस साखळी नियम लावल्यास मूल्याबरोबर अवकलजही मिळतो. १९७० मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील सेप्पो लिन्नाइन्मा यांनी आपल्या प्रबंधात हीच साखळी शेवटाकडून आरंभाकडे उलगडली. त्यांचा विषय होता आकडेमोडीत साचत जाणाऱ्या पूर्णांकन-त्रुटींचा. परंतु या उलट रीतीने एका उत्तराच्या सर्व प्रचलांसंबंधीच्या संवेदनशीलता मूळ आकडेमोडीच्या काही पटींतच मिळतात, मग प्रचल कितीही असोत.

द्रायुयामिकीत ऑलिव्हिए पिरोनो (१९७४) आणि अँटनी जेम्सन (१९८८) हे नियंत्रण सिद्धांताच्या वाटेने याच तत्त्वापर्यंत पोहोचले. पण त्यांची समीकरणे हातानेच मांडावी लागत. हे श्रम आज्ञावलीवर सोपविण्याची साधने १९९० च्या दशकात आली. उलट रीतीस सर्व मधली मूल्ये साठवावी लागतात, ही मोठी अडचण होती. मोजक्याच अवस्था साठवून उरलेल्या पुन्हा काढल्यास साठवण पुष्कळ घटते, हे आंद्रेआस ग्रिवांक यांनी १९९२ मध्ये दाखविले. १९९९ मध्ये एमआयटीच्या महासागरी प्रतिमानावर हे तंत्र वापरून अटलांटिकमधील उष्णतावहनाची संवेदनशीलता काढण्यात आली.

या इतिहासातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. आवश्यक गणित १९७० मध्येच सिद्ध होते. उशीर झाला तो ज्ञानशाखांमधील भिंतींमुळे. तसेच मिळणारा अवकलज अचूक असतो तो आज्ञावलीचा, निसर्गाचा नव्हे. प्रतिमानच सदोष असेल, तर त्याची संवेदनशीलताही तितक्याच अचूकपणे दिशाभूल करील.